अर्धी फी माफ

“माझा कोट कुठाय? मी विचारतोय, माझा कोट कुठाय?”

गिऱ्हाईक ओरडत होतं. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसस्टँड. तिथून निघालेली बस त्या आवाजाने जागच्या जागी थांबली, कारण कंडक्टरला वाटलं डेपो मॅनेजरच आला. मार्केटच्या मनोऱ्यावरचे कावळे उठले ते अजून बसलेले नाहीत. मी वाढवून सांगते आहे असं वाटत असेल तर वाटू दे. आमचं घराणं शिंप्याचं. कपडा शिवताना शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं माया ठेवतो, पुढेमागे सैल करायची वेळ आली तर असावी म्हणून. गोष्टीलाही मी तेवढी ठेवते.

ओरडणारे गृहस्थ पुण्याचे होते. कंपनीने त्यांना नुकतंच बंगळूरला पाठवलं होतं, बनशंकरीला त्यांचं बिऱ्हाड होतं, आणि देह असा प्रशस्त की त्यांच्या एका कोटाच्या कापडात आमचं अख्खं घर झाकलं गेलं असतं, वर एखादी उशीची खोळ निघाली असती. परवा त्यांच्या मुलीचं लग्न. काळ्या लोकरी कोटाची आज ट्रायल. आणि दुकानात ना कोट, ना शिंपी. आई होती आणि मी होते.

“कोट इस्त्रीला गेलाय,” आई म्हणाली.

“ट्रायलच्या आधी इस्त्री?”

“आमच्यात तसंच करतात.”

“तुमच्यात म्हणजे कुणात?”

“बंगळुरात की.”

“आणि टेलर? ते कुठायत?”

“ते कोटाबरोबरच गेलेत,” आई शांतपणे म्हणाली. “कापड भारी आहे. एकटं सोडत नाहीत.”

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या घडीला खरंच कोटाबरोबर होते. कोटाच्या आत होते.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. “काय मराठी आहे तुमची! ‘बंगळुरात की’! शिवरायांच्या वडिलांबरोबर बंगळुरात आलात म्हणता, आणि मराठी कुठे सांडलीत वाटेत?”

“वाट फार लांब होती,” मी म्हणाले. “तुम्ही बसा. स्वल्प कॉफी घ्या.”

आता कोट अण्णांच्या अंगावर कसा गेला ते सांगते.

मी पीयूसी झाले, म्हणजे तुमच्याकडची बारावी. इंजिनिअरिंगच्या फ्री सीटची यादी माझ्या नंबराच्या जरा अलीकडेच संपली. यादी लावणाऱ्याचा डिंक संपला असावा. उरली पेमेंट सीट, खासगी कॉलेजातली. त्या काळात बंगळुरात दगड उचलला की खाली इंजिनिअरिंग कॉलेज निघायचं. माझ्या वाट्याला जे आलं ते जे. पी. नगरच्याही पुढे होतं. तिथपर्यंत जाऊन बससुद्धा दमायची आणि उभ्या उभ्या झोप काढायची. तिथली फी ऐकून आई खाली बसली. खाली बसायला जागा नव्हती, म्हणून शिवणयंत्रावर बसली. पण माहितीपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती: गरजू आणि गुणी विद्यार्थ्यांना फीत सवलत, पालकांनी समक्ष भेटावे. ती ओळ आमच्या घरात देवासारखी वाचली गेली. सवलत मिळाली तर मी इंजिनिअर. नाही मिळाली तर मी काजं करणार, आईसारखी, बोटाला अंगुस्तान घालून, मरेपर्यंत.

समक्ष भेटायला जायचं तर काय घालून जायचं यावर रण माजलं.

“जुनं धोतर नेसा,” आई म्हणाली. “दाढी करू नका. आत गेल्यावर स्वल्प खोका.”

“मी शिंपी आहे,” अण्णा म्हणाले. “माझ्या अंगावर बेढब कपडा बघितला तर उद्या माझ्याकडे शिवायला कोण टाकेल?”

“तिथे शिवायला जाता काय? मागायला जाता.”

“मागायला गेलं तरी खांदा खांद्यावर बसायला पाहिजे.”

अण्णांचं असं होतं. ते भाजी आणायला निघाले तरी शर्टाची कॉलर अशी उभी, की भाजीवाली आधी उठून उभी राहायची आणि मग भाव वाढवायची. स्वतःचं अंग म्हणजे दुकानाची पाटी, हा त्यांचा धर्म. आणि अख्ख्या कँटोनमेंटला कोट शिवून देणाऱ्या या माणसाकडे स्वतःचा कोट नव्हता. गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांचे शर्ट, एवढाच त्यांचा पोशाख. एका शर्टात तर चार निळे रंग होते आणि ती फॅशन आहे असं ते लोकांना पटवून द्यायचे. तर सकाळी त्यांनी पुणेकरांचा अर्धा शिवलेला कोट उचलला. पाठीशी, बगलेत, पोटाशी कच्च्या टाक्यांनी आत घेत घेत स्वतःच्या काटकुळ्या अंगावर आणला आणि आरशासमोर उभे राहिले. आई आणि मी भांडण विसरून बघत राहिलो. मैसूरचे महाराजही असे दिसले नसतील. संध्याकाळपर्यंत टाके उसवायचे, कोट होता तसा करायचा, असा बेत होता. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. पुण्याचं असल्यामुळे ते दुपारीच आलं.

कॉफी संपली. गृहस्थांनी पुन्हा आवाज लावायला श्वास घेतला, आणि मला गल्लीच्या टोकाला अण्णा दिसले. कोटात, ताठ, गर्दी आपोआप बाजूला होत असलेले. मी दाराशी जाऊन हातवारे केले. अण्णांनी गिऱ्हाइकाची पाठ पाहिली, एका क्षणात मागल्या बोळात वळले आणि मागच्या दाराने आत आले. टाके उसवायला वेळ कुठला! कोट काढला, झटकला आणि पुढे आणला.

“इस्त्री झाली,” ते म्हणाले.

गृहस्थांनी एक हात घातला. दुसरा घालायला गेले तर कोट पाठीत अडला. त्यांनी श्वास आत ओढला. मग पोट आत ओढलं. मग डोळेसुद्धा आत ओढले. कोट पुढे येईना.

“हे काय? माप तर तुम्हीच घेतलंत!”

खोटं बोलायची अण्णांना सवय नव्हती. ते खातं आमच्याकडे होतं.

आईने गृहस्थांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “राग मानू नका हं, साहेब. बंगळूरला नवीन आलेल्या माणसाला होतं असं. हवा थंड, भूक जास्त लागते. दोसे चालू आहेत ना रोज?”

“रोज म्हणजे... कंपनीच्या कँटीनमध्ये...”

“लोणी घालून?”

गृहस्थांचा चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली. ज्या माणसाने सबंध गल्ली हादरवली होती तो हळू आवाजात विचारत होता, “सैल होईल ना हो?”

“उद्या या,” अण्णा म्हणाले. “होईल.”

ते गेले आणि आम्ही दोघी अण्णांवर तुटून पडलो.

“काय झालं? दिली?”

अण्णा आधी पाणी प्यायले. मग सांगितलं. टेबलाच्या पलीकडे तिघे बसले होते. अण्णा आत गेले तर तिघेही उठून उभे राहिले, त्यांना वाटलं कुणी देणगी द्यायला आलंय. खुर्ची दिली. बिस्किटं दिली. मग अण्णा म्हणाले, मुलीच्या फीत सवलत पाहिजे. तेव्हा कॉलेजचे खजिनदार हसले आणि म्हणाले, “असा कोट घालणारा माणूस सवलत मागणार, तर आम्ही काय मागायचं?”

“सांगितलं नव्हतं मी?” आई कपाळावर हात मारून म्हणाली. “सांगितलं होतं की नव्हतं?”

“ऐक तर. मी म्हटलं, हा कोट गिऱ्हाइकाचा. माझं काय ते फक्त शिवण. खजिनदार उठले, माझ्या मागे आले, कॉलर उलटून बघितली, अस्तर बघितलं. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून कॉलेजात ब्लेझर सक्तीचा आहे, मरून रंगाचा. कापड आम्ही देऊ, शिवून तुम्ही द्या. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांचे. मुलीची अर्धी फी माफ.”

“आणि शिलाई?” आईने विचारलं.

“तीच की. अर्धी फी.”

“लिहून दिलं?”

“एवढी मोठी माणसं. लिहून कशाला देतील?”

आई काजं करायला बसली. मी मात्र नाचले. अर्धी फी माफ! मी दुकानात उभ्या असलेल्या लाकडी पुतळ्याला मिठी मारली, आणि अण्णा तोंडभर हसत कच्चे टाके उसवायला बसले.

महिनाभराने मरून कापड आलं. टेम्पोने आलं. आधी दुकान भरलं, मग मागची खोली, मग आम्ही तिघं भिंतीला चिकटून झोपायला लागलो. स्वयंपाकात मरून धागे, दुधावरच्या सायीवर मरून कुसळं. शेजारची मांजर आमच्याकडे पांढरी आली आणि मरून होऊन गेली. अण्णा कापायचे आणि शिवायचे, आई काजं-बटणं करायची, मी कॉलेजातून आले की खांद्यांत कॅनव्हास भरायची. मुलांची मापं कॉलेजने पाठवलीच नव्हती. लहान, मध्यम, मोठा, एवढंच कळवलं होतं. आयुष्यभर एकेका खांद्याशी बोलत आलेल्या माणसाला ते शब्द कडू औषधासारखे लागले. “मध्यम म्हणजे कोण?” ते विचारायचे. “मध्यम माणूस कुठे असतो? आणून दाखव.”

पहिल्या वर्षीची फी भरायला गेलो तेव्हा कळलं की माफ झालेली फी म्हणजे शिकवणीची फी, आणि तिची अर्धी. शिकवणीची फी हा त्या पावतीवरचा सगळ्यात बारीक आकडा होता. त्याच्या खाली विकास निधी, इमारत निधी, प्रयोगशाळा, वाचनालय, अनामत, अशी पिलावळ होती, आणि तिच्यातल्या एकीलाही कसली माफी नव्हती. इमारत निधी तर मी एवढा भरला की कॉलेजचा जिना नक्की माझा आहे. अजूनही तिकडून गेले तर एखादी पायरी उचलून आणावी असं वाटतं. आणि सगळ्यात खाली होतं ‘ब्लेझर, शिलाईसह’.

“हा तर माझे वडीलच शिवतात,” मी खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले.

“ब्लेझरवर सवलत नाही,” तो म्हणाला.

म्हणजे अण्णांनी शिवलेला ब्लेझर, अण्णांच्याच खिशातल्या पैशांनी, शिलाईसकट, मी विकत घेतला. हे घरी सांगितल्यावर आई इतकी हसली की मला तिची भीती वाटली. अण्णा म्हणाले, “असू दे. अर्धी तर माफ आहे.”

कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायची. प्राध्यापक फळ्यावर काय लिहितात ते तिथून दिसत नसे, पण पुढच्या पाठी दिसत. ओळीने मरून पाठी. एकूण एक अण्णांच्या हातची. कुठली सकाळी शिवलेली, कुठली दमल्यावर, मला तिथूनच कळायचं. दिवाळीच्या तोंडावर शिवलेल्या खांद्यांत एक सुरकुती यायला लागली होती, डाव्या बाजूला, केसाएवढी. अण्णांच्या खांद्यांत सुरकुती! मी वीजशास्त्राच्या तासाला त्या सुरकुत्या बघत बसायची, आणि वीजशास्त्रात मला जे मार्क पडले ते त्यामुळे पडले.

एकदा एक मुलगी वैतागून म्हणाली, “कुठल्या शहाण्याने शिवलाय हा? हात वर होत नाही.”

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणाले.

तिला वाईट वाटलं असेल असं समजू नका. तिने तिथल्या तिथे ब्लेझर काढला आणि माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आली, मग होस्टेल आलं. तीन वर्षं मी संध्याकाळच्या बसला गाठोडं घेऊन चढत होते. कंडक्टर मला धोब्याची मुलगी समजायचा आणि सामानाचं वेगळं तिकीट फाडायचा.

पण खरा घाव दुसरीकडे पडत होता, आणि आवाज न करता. ब्लेझर लागायचे ते गणपती ते दिवाळी, नेमके लग्नाचे आणि सणाचे कोट यायच्या दिवसांत. गिऱ्हाईक दारात यायचं, आत मरून डोंगर बघायचं. अण्णा म्हणायचे, “पंधरा दिवस थांबता का?” पहिल्या वर्षी लोक थांबले. दुसऱ्या वर्षी “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणून गेले आणि कमर्शियल स्ट्रीटवर रेडिमेड घेऊन आले. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारायचंही सोडलं. मी एका रविवारी दुकानात होते तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक समोरून चाललेलं अण्णांनी पाहिलं. त्याच्या अंगावर विकतचा कोट होता. अण्णा उठून दारात गेले. मला वाटलं हाक मारतील. ते नुसते त्याच्या पाठीकडे बघत राहिले, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत.

“बगल ओढते आहे त्याची,” आत येऊन ते म्हणाले, आणि पुन्हा मध्यम कापायला बसले.

डोळेही त्याच सुमारास गेले. आंधळे झाले नाहीत, पण मरूनवर मरून धागा ओवता ओवता काळ्यावरचा काळा त्यांना दिसेनासा झाला. चष्मा केला. चष्म्याने मरून आणखी मरून दिसायला लागलं, एवढंच.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला टेम्पो आला नाही. आम्ही आठवडाभर वाट पाहिली, आणि खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. मग अण्णा आणि मी कॉलेजात गेलो. खजिनदार दारातच भेटले, घाईत होते.

“यंदापासून रेडिमेड मागवतो आहोत,” ते म्हणाले. “तिरुपूरहून. एकसारखे येतात.”

“आणि मुलीची फी?” अण्णांनी विचारलं.

“शिलाई नाही तर सवलत कशी?” ते आश्चर्याने म्हणाले. आश्चर्य खरं होतं, म्हणून त्यांच्याशी भांडताही आलं नाही.

भांडले मी ऑफिसच्या खिडकीशी. तुमच्या कॉलेजातल्या प्रत्येक पाठीवर माझ्या बापाचा हात फिरलाय, असं काहीतरी ओरडले. पुणेकरांच्या ताकदीने ओरडले. पण तिथे ना बस थांबली, ना कावळे उठले. रांगेतली मुलं माझ्याकडे बघत होती, मरून ब्लेझर घालून. कारकुनाने पूर्ण फीचा आकडा लिहून कागद पुढे सरकवला.

तो आकडा भरायला आधी जुना कारागीर बसायचा ते मशीन विकलं, मग दुसरं, मग अण्णांचं. ते पायाचं काळं यंत्र त्यांच्या वडिलांचं होतं. न्यायला माणसं आली तेव्हा अण्णांनी त्याला तेल घातलं, नवी सुई लावली आणि मगच दिलं. आता मशीनच नाही तर दुकान कशाला, म्हणून दुकान सोडलं आणि मालकाकडचा अॅडव्हान्स, म्हणजे तुमच्याकडचं डिपॉझिट, परत घेतला. तो इमारत निधीत गेला. आणखी एक पायरी.

मी पास झाले. पहिली आले, सुवर्णपदक मिळालं, हत्तीवरून मिरवणूक निघाली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण इतकी माया याही कापडात निघत नाही. मी काठावर पास झाले. ज्या कंपन्यांसाठी पुण्या-नागपूरची मुलं गाड्या भरभरून बंगळूरला येत होती, त्यांना माझे मार्क चालले नाहीत. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लागले. निवृत्त झालेल्या माणसांना माऊस कसा धरायचा ते शिकवायची. पगार अण्णांच्या जुन्या कारागिराला मिळायचा तेवढा, फक्त त्याला वर चहा असायचा.

अण्णा कमर्शियल स्ट्रीटवर एका रेडिमेडच्या दुकानात लागले. जिन्याखाली त्यांची जागा. पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या. बहुतेक काम पांढऱ्या खडूचं आणि टाचण्यांचं, शिवायला दुसरा होता.

एका शनिवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. दुकानात एक आवाज घुमला आणि जिन्याखालची हँगरं हलली.

“अहो, हे तर आमचे टेलर!”

पुणेकर होते. पूर्वीपेक्षा दुप्पट. आता त्यांना खरंच दोसे लागले होते. धाकट्या मुलीचं लग्न होतं म्हणून तयार सूट घ्यायला आले होते आणि पँट लांब होत होती. अण्णा त्यांच्या पायाशी वाकून बसले आणि टाचण्या लावायला लागले.

“आणि ही कन्या! ‘बंगळुरात की’!” ते मला म्हणाले. “तुझ्या आईने मला जाडा ठरवलं होतं, आठवतंय? दोन महिने लोणी सोडलं होतं मी! लग्न झाल्यावर कोटाच्या खिशात बसचं तिकीट सापडलं. जे. पी. नगरच्या पुढचं. मी तर तिकडे कधी गेलोच नव्हतो.” ते मोठ्याने हसले. “म्हटलं, कोट एकटाच फिरून आला वाटतं!”

अण्णा खाली बघूनच हसले. थोडंसं.

“मग? झालीस ना इंजिनिअर?”

“झाले,” मी म्हणाले.

“उत्तम! पण काय हो, ही खासगी कॉलेजं म्हणजे लूट. माझ्या पुतण्याला घालायचंय. सवलत वगैरे देतात म्हणे. तुम्हाला शेवटी किती पडलं हो, सगळं धरून?”

अण्णांनी पायाची पट्टी सरळ केली. जुळते की नाही ते चष्मा वर करून, कापडाला नाक लावून बघितलं. मग तोंडातली टाचणी काढली.

“अर्धी फी,” ते म्हणाले. “बाकीची माफ होती.”